मागच्या खोलीतली भुणभुण

आमचं घर कधी गप्प नसायचं, पण हे मला मायक्रोफोन आणेपर्यंत कळलं नव्हतं. आर्णीत रस्त्याच्या तोंडाशी बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, त्याच्या मागे आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे अंगण. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की लोक त्या दुचाकीला बांधून आणायचे. बाबा त्या उघडायचे, काळी पडलेली तार उपसून काढायचे, नवी तांब्याची तार गुंडाळायचे, वार्निश पाजून उन्हात सुकवायचे आणि शेवटी दुकानातल्या बोर्डावर लावून चालवून बघायचे. मोटार चालली की तिचा आवाज भिंतींतून थेट माझ्या ताटापर्यंत यायचा आणि वरणात बारीक वलयं उठायची. त्यात फ्रीज होता, उन्हाळ्याचे चार महिने कूलर होता, वीज गेली की घरघरणारा इन्व्हर्टर होता. मी त्या सगळ्यात दहावी-बारावी केली आणि कधी कान वर करून बघितलं नाही.

आई या सगळ्यावरून गायची. ती चौथी शिकलेली. गाणी मात्र स्वतः रचायची. विहारातल्या बायांसाठी, जयंतीसाठी, कुणाच्या पोरीच्या हळदीसाठी, आणि एक तर नळाला चार दिवसांनी पाणी येतं त्याच्यावर. कागदावर त्यातलं एकही नव्हतं. अंगणाच्या कोपऱ्यात दगडी फरशीवर ती भांडी घासायला बसली की ओळी जुळायच्या. हात थांबायचा, ओळ दोनदा स्वतःशी म्हणून बघायची, आणि पुन्हा कढई खरडायला लागायची. शेजारच्या वच्छलाकाकू कुंपणापलीकडून ओळ उचलून धरायच्या. विहारात आईनं म्हणायचं आणि काकूंनी मागे ओढायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आईचा आवाज जाड होता, थोडा मातकट. माइक नसला तरी चालायचं.

मला त्या आवाजाची लाज वाटायची, हे लिहून टाकते. बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. पालकसभेला आई आली, हॉलमध्ये मागून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, माही पोरगी इथं तरी बोलते का वो? घरी त तिले जीभच नाही." मुली हसल्या. वाईट मनानं कुणी हसलं नसेल, आज वाटतं, मॅडमसुद्धा हसल्या होत्या. पण घरी आल्यावर मी आईला सांगितलं, पुढच्या वेळी बाबांना पाठव. तिनं "काहून?" एवढंच विचारलं. ती परत शाळेत आली नाही.

पदवीनंतर मला घरबसल्या काम मिळालं. पुण्याची एक कंपनी मुलांसाठी धडे तयार करायची, ते इंग्रजीत आणि मराठीत वाचून द्यायचे. लोकांसमोर मला बोलता येत नाही, पण बंद खोलीत मायक्रोफोनच्या जाळीसमोर मी तासभर बोलू शकते, हे मला तेव्हाच समजलं. मागची धान्याची खोली रिकामी केली. भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या ठोकल्या, दाराला गादी टेकवली, उरलेल्या जागेत अंड्यांचे ट्रे चिकटवले. वच्छलाकाकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "पोरीले एवढं शिकवलं अन् शेवटी कोंबड्या पायल्या का?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

पहिल्याच दिवशी हेडफोन घातले आणि माझ्या वाचण्यामागे घर ऐकू आलं. मी थांबले तरी ते थांबेना. एक सलग, खालच्या सुरातली भुणभुण. लॅपटॉपच्या पडद्यावर शांततेची रेघ दोऱ्यासारखी बारीक दिसायला हवी, ती सुतळीएवढी जाड होती. कंपनीनं पहिले तीन धडे परत पाठवले. मग बाबा आणि मी चोर शोधायला लागलो. ते आमच्या दोघांचे सगळ्यात चांगले दिवस होते. ते एकेक बटण बंद करायचे आणि ओरडायचे, "आता?" मी आतून ओरडायची, "कमी!" कधी, "काहीच फरक नाही!" पंख्याचा नवा रेग्युलेटर सापडला, तो काढून बाबांनी माळ्यावरचा जुना, डब्याएवढा लावला. फ्रीज माझ्या भिंतीला टेकून होता, तो पलीकडे गेला. काम चालू असताना फ्रीज बंद ठेवायचा असं ठरलं. एकदा मी तो चालू करायला विसरले आणि दूध नासलं. आईनं त्यात गूळ घालून आटवलं, वाटीत दिलं आणि म्हणाली, "घे, तुह्या स्टुडिओचा परसाद." बाबा सांगायचे, "मोटारीचा आवाज ऐकून मी डोये मिटून सांगतो कोणती कॉइल गेली. पण हे तुह्यं यंत्र लय नखरेल हाय." हिवाळ्यापर्यंत ती रेघ दोऱ्याएवढी झाली. कंपनीनं धडे परत पाठवणं थांबवलं.

कामाची एक सवय मला तिथं लागली. ज्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर असेल ते लगेच पुसायचं, कचऱ्याच्या टोपलीतूनसुद्धा, म्हणजे चुकीची फाइल चुकून पुढे जात नाही. सुरुवातीला एकदा तशी गेली होती आणि मला बोलणी बसली होती. तेव्हापासून मी दिवस संपला की खराब ते सगळं पुसून मगच लॅपटॉप मिटायची. चांगली सवय आहे, असं मला वाटायचं.

त्या हिवाळ्यात आईचा आवाज बसला. आधी सर्दी म्हटलं, मग धूळ म्हटलं. संक्रांतीला विहारातल्या बायांसमोर ती दुसरं कडवं सोडून खाली बसली. यवतमाळला दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. उन्हाळा लागता लागता तिथल्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की आवाजाची पेटी काढावी लागेल, त्याशिवाय आई वाचणार नाही. आईनं टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे मंग गुणगुणताही नाही येईन का?" डॉक्टर म्हणाले, नाही. तोवर जास्त बोलू नका, गळ्याला आराम द्या, असंही म्हणाले. ऑपरेशनला नऊ दिवस होते.

एसटीत मी खिडकीशी होते. आर्णी यायच्या आधी मी म्हटलं, "आई, तुझी सगळी गाणी भरून ठेवू." ती म्हणाली, "ठेव. आपल्या कोंबड्यायच्या खोलीत." डॉक्टरांनी आराम सांगितला होता, पण दोघींनी ते ऐकलंच नाही असं धरलं. सकाळी उठल्यावर, गरम पाणी प्यायल्यावर, तिचा आवाज दहा-पंधरा मिनिटं उघडायचा. जुना पूर्ण आवाज नव्हता, पण सूर जागेवर होता. तेवढी मिनिटं मिळाली तर नऊ दिवसांत पंधरा-वीस गाणी होतील, असा मी हिशेब केला.

पहिल्या सकाळी तिला स्टुलावर बसवलं, मी हेडफोन लावले, आणि भुणभुण परत आली होती. हिवाळ्यापेक्षा मोठी. लॅपटॉपच्या पत्र्याला बोट लावलं तर झिणझिण्या यायच्या. त्याची बॅटरी कधीच मेली होती, चार्जर काढला की तो विझायचा. मी आईला मध्येच थांबवलं आणि बाबांना हाक मारली. फ्रीज बंद, कूलर बंद, दुकानातलं सगळं बंद. बाहेर उन्हानं पत्रे तडकत होते. ती गोधड्यांच्या खोलीत पदरानं मान पुसत बसली होती आणि आम्ही दोघं बटणं दाबत होतो. "आता?" "नाही." "आता?" "तेवढीच आहे." आई म्हणाली, "येऊ दे नं वं भुणभुण. माणसाच्या घरात भुणभुण नाही राहीन त काय मसनात राहीन?" मी म्हटलं, "आई, बोलू नको, गळा जपायचाय." दहा मिनिटं गेली आणि आवाज मिटला.

दुसऱ्या सकाळी तेच झालं. तिसऱ्या सकाळी तिनं माझं ऐकलंच नाही. मी तारा तपासत असताना तिनं सरळ सुरुवात केली, आणि ते गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. "गाडी पिवळी दारी आली, पोरगी माही दूर निघाली." शाळेच्या गाडीचं गाणं होतं. माझं होतं. मी सहा वर्षांची असताना, पहाटे मला गाडीत बसवून ती परत येऊन भांडी घासायला बसायची, तेव्हाचं. तिनं ते कुणासमोर म्हटलं नव्हतं. वच्छलाकाकूंनाही येत नव्हतं. पुढच्या ओळीत 'पानी' आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, पाणी. पाणी म्हण." ती थांबली. "पाणी," ती म्हणाली, जपून, पाहुण्यांसमोर बसल्यासारखी. पुन्हा सुरू केलं. चारही कडवी म्हटली. मी हेडफोनमध्ये गाणं ऐकत नव्हते, गाण्याखालचं ऐकत होते. संपल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "छान झालं, पण हे चालणार नाही. उद्या पुन्हा घेऊ." "मले वाटलं तू काही म्हणशीन," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हटलं ना, छान झालं." त्या संध्याकाळी मी त्या दिवसाच्या सगळ्या फाइली पुसल्या. नेहमीसारख्याच.

लोक मला विचारतात, फोनवर का नाही रेकॉर्ड केलं? फोन माझ्या मांडीवर होता. पण फोनवरची रेकॉर्डिंगं मला माहीत होती, जयंतीच्या मिरवणुकीतली, ज्यांत आईचा चेहरा दिसतो आणि डीजेशिवाय काही ऐकू येत नाही. मला तिचा आवाज एकदा तरी नीट ऐकू जाईल असा ठेवायचा होता, शाळेतल्या त्या हॉलमध्ये लावला तरी कुणी हसणार नाही असा. हे कारण मी बरीच वर्षं सांगितलं. ते खरं आहे, पण त्यानं काही होत नाही.

पाचव्या सकाळी वच्छलाकाकू दारात उभ्या राहिल्या. "काहून वं प्रज्ञा, कूलर बंद करून मायले उकडून राह्यली? तिचं ऑप्रेशन दवाखान्यात हाय, इथं नाही." बाबा त्यांच्यावर चिडले, मग पुन्हा बटणांकडे वळले. तोवर आईचा सकाळचा आवाज दहाचा पाच मिनिटांवर आला होता. रोज मी तिच्याकडून "एकदा म्हण, फक्त बघू दे" असं म्हणवून घ्यायची, भुणभुण किती आहे ते मोजायला. ती म्हणायची. मोजण्यातच तिची मिनिटं जात होती, हे मला दिसत होतं. तरी वाटायचं, आज सापडेल.

सापडलं सातव्या दिवशी दुपारी. बाबा टेस्टर घेऊन बोर्डापाशी उभे होते आणि एकदम म्हणाले, "अर्थिंग मेली." घराची भरकटलेली वीज ओल्या मातीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डा त्यांनी स्वतः केला होता, माझ्या जन्माच्या आधी. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, सगळं नेमानं घालून. आम्ही अंगणात गेलो. कोपऱ्यातली दगडी फरशी त्यांनी पहारीनं उचलली. खाली माती भेगाळून पांढरी पडली होती. पहार आपटली तर ठण्ण वाजली. बाबा तिथंच उकिडवे बसले. "इथं कधी पानी टाकाच लागलं नाही," ते म्हणाले. "मी मुद्दाम इथं केलतं. तुही माय इथं भांडे घासे. दोन टाइम पानी मुरे." आई आजारी पडल्यापासून मी भांडी आत, स्वयंपाकघरात घासत होते. संक्रांतीपासून त्या फरशीवर थेंब पडला नव्हता. तेवीस-चोवीस वर्षं घराची वीज तिच्या खरकट्या पाण्यावर जमिनीत उतरत होती, आणि हे बाबांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिलाही नाही. बाबांनी मिठाचं पोतं आणलं, आम्ही हंड्यावर हंडे ओतले. माती पाणी पीतच राहिली. मी आत पळत गेले, हेडफोन लावले. काहीच नव्हतं. माझा श्वास होता. पडद्यावर दोरासुद्धा नव्हता, केस होता.

आठव्या सकाळी मी आईला लवकर उठवलं. गरम पाणी दिलं, केस विंचरून दिले, ती म्हणाली म्हणून पांढरी साडी दिली. फ्रीज बंद, कूलर बंद, कशाचा त्रास नाही. मी म्हटलं, "गाडीचं म्हण. तुला वाटेल तसं म्हण. पानी म्हण." तिनं सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी आल्या, चिरलेल्या, पण चालीत. तिसऱ्या ओळीला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. तिनं गळ्यावर हात ठेवला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा केला नाही. हात मांडीवर ठेवून जाळीकडे बघत बसली. मी थांबवायचं बटण दाबायला विसरले, म्हणून त्या फाइलमध्ये पुढची काही मिनिटंही आहेत. त्यांत गोधडीला पदर घासल्याचा आवाज आहे, आणि दाराबाहेर बाबा विचारतात, "झालं का वं?" फार स्वच्छ रेकॉर्डिंग आहे. त्यानंतर मी शेकडो तास रेकॉर्ड केलं, तेवढं स्वच्छ पुन्हा जमलं नाही.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. आई वाचली. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळीची पट्टी, काही आठवडे नळीतून पेज, मग मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. बोलायला एक वही ठेवली होती. चौथीच्या अक्षरात ती मोजकंच लिहायची: मीठ कमी. वच्छला आली का. पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी तिनं लिहिलं, "माहे गाने आयकव." मी सगळ्याची तयारी करून ठेवली होती, फक्त या दुपारची नव्हती. मी खोलीत गेले, बराच वेळ खोटं शोधत उभी राहिले, आणि शेवटी तिच्या कानाला हेडफोन लावून ती एक फाइल लावली. तिनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर डोळे उघडले आणि लिहिलं, "बाकी?"

"नाहीत," मी म्हटलं. "भुणभुण होती. मी गाणी पुसून टाकली."

बाबा उठून दुकानात गेले. आईनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही. कुणी जेवायला वाढलं आणि ताट रिकामं निघालं तर माणूस जसं बघेल, तसं. मग वही ओढून घेतली आणि लिहायला लागली. गाडी पिवळी दारी आली. तिसरी ओळ, चौथी ओळ. चारही कडव्यांना तिला दोन दिवस लागले. बाकीची गाणी वच्छलाकाकूंकडून मिळणार होती, हे तिला माहीत होतं. हे एकच कुठं नव्हतं. वही माझ्यापुढे सरकवून तिनं हनुवटीनं खूण केली: म्हण.

मी आयुष्यात कुणासमोर गायले नव्हते. पहिल्या दोन ओळींची चाल फाइलमध्ये होती, ती म्हटली. तिसऱ्या ओळीला मला जसं सुचलं तसं म्हटलं. आईनं मान हलवली: नाही. दुसऱ्या तऱ्हेनं म्हटलं. नाही. तिनं हात वर नेऊन सावकाश खाली आणला, मी आवाज तसा आणला, नाही. चाल तिच्या डोक्यात अखंड होती आणि बाहेर यायला तिला वाट नव्हती. तिच्याकडे मला द्यायला एकच गोष्ट उरली होती, नकार, आणि तो ती न कंटाळता देत होती. दुपारचं जेवण झालं की आम्ही बसायचो. वच्छलाकाकू कुंपणापलीकडून ऐकायच्या, एरवीसारखं काही बोलायच्या नाहीत. असं दिवाळी येईपर्यंत चाललं. आई त्यानंतर तीन वर्षं होती.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मी ते गाणं, न थांबता, शेवटपर्यंत म्हटलं. तिसऱ्या ओळीला तिच्याकडे बघायचं टाळलं. संपवून बघितलं तर तिनं होकाराची मान हलवली आणि वही मिटली. त्यानंतर आम्ही त्या गाण्याला बसलो नाही. मी ते आता त्याच चालीत म्हणते. ती चाल तिची आहे, की त्या दुपारी ती दमली होती, हे तिला विचारायला माझ्याकडे तीन वर्षं होती. मी विचारलं नाही.